उसाच्या गाडीचा बैल आणि त्याचे खूर : नाल केव्हा, कोणती आणि केव्हा नको



गळीत हंगाम तोंडावर आला की गटात सगळीकडे एकच धांदल सुरू होते. कोयत्यांना धार लागते, गाडीचे टायर तपासले जातात, बेअरिंगला ग्रीस भरले जाते, नवे दोर येतात. बैलाचे लाड पोळ्याला झालेलेच असतात. आदल्या दिवशी खांदे शेकले, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगविली, झूल घातली, पुरणाची पोळी चारली. पण त्याचा पाय उचलून खालून खूर कोणी पाहिला काय? भातकुली गटात आम्ही हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला, त्यांतील बहुतेकांचे उत्तर एकच, "नाल पडली का मंग पाहू नं, सायेब."

आज पुष्कळ ऊस ट्रॅक्टरने जातो हे खरे. तरी जेथे पांदण अरुंद आहे, ओलाव्यात ट्रॉली रुतते, किंवा दोन-चार गाड्यांचाच ऊस आहे, तेथे बैलगाडीला अजून पर्याय नाही. म्हणून या अंकात खताचा किंवा बेण्याचा विषय बाजूला ठेवून आम्ही खुरांविषयी लिहीत आहोत. त्याला एक कारणही घडले आहे.

आमच्या हातून झालेली चूक

मागच्या एका हंगामातली गोष्ट. गटातील एका सभासदाचा ऊस तोडून बांधावर पडलेला होता. गाडी घरचीच. सकाळी त्यांचा निरोप आला, "सायेब, डावा बैल लंगडून राह्यला. आजची खेप राहू द्या." तोडीचा कार्यक्रम आमच्या हातात. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, गव्हाण रिकामी राहता कामा नये, मागे दुसऱ्याची पाळी उभी. आम्ही घाईने सांगून मोकळे झालो, "नालबंदाला बोलवा, नाल ठोकून घ्या आणि चालू द्या."

नालबंद आला, नाल ठोकली, बैल दोन दिवस कसाबसा चालला. तिसऱ्या दिवशी सडकेवर बसला तो उठेना. पशुवैद्यकांनी नाल काढून तळवा उघडला तेव्हा आतून काळा पू निघाला. तळवा आधीच झिजून पातळ झाला होता, त्यात गिट्टीचा कण रुतला होता, आणि आम्ही त्यावर लोखंडाचे झाकण ठोकले होते. बैल वाचला, पण त्या हंगामात त्याने पुन्हा जुवाखाली मान घातली नाही. चूक नालबंदाची नव्हती, सभासदाची तर मुळीच नव्हती. सल्ला आमचा होता.

नुकसानीचा हिशेब करून पाहा. समजा, एक जोडी रोज एक खेप करते आणि खेपेला दोन टन ऊस नेते. जोडीतला एक बैल बसला की दुसराही दावणीलाच राहतो. पंधरा दिवस गाडी बसली तर ३० टन ऊस दुसऱ्याच्या वाहनाची वाट पाहत राहतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो, कारण त्यापुढे वजनही घटते आणि साखरेचा उताराही घटतो. म्हणजे एका खुरातल्या खड्याचा खर्च बैलवाल्याला पडतो, ऊसवाल्याला पडतो आणि कारखान्यालाही पडतो. बैलाला काय सोसावे लागते ते वेगळेच.

काळ्या रानातला बैल सडकेवर का लंगडतो?

बैलाचा खूर दुभंगलेला असतो. प्रत्येक पायाला दोन नख्या, चार पायांना आठ. नखीची बाहेरची भिंत टणक, आपल्या नखासारखी, तिला दुखणे नाही. खालचा तळवा त्या मानाने मऊ. भिंत आणि तळवा जेथे मिळतात तेथे एक पांढरट रेघ दिसते. त्या रेघेच्या आत जिवंत भाग सुरू होतो. तेथे रक्त आहे, तेथे वेदना आहे. ही रेघ ज्याला ओळखता आली त्याला निम्मे नालकाम समजले.

खूर केसांच्या कडेपासून खाली वाढत असतो. वाढ महिन्याला साधारण ५ मिलिमीटर, म्हणजे एका टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढी. चालताना तो खालून झिजतो. वाढ आणि झीज बरोबरीत असली तर खूर ठीक राहतो. वाढ जास्त झाली तर खूर लांबतो, पुढे वळतो आणि सगळा भार टाचेवर पडतो. झीज जास्त झाली तर तळवा पातळ होतो आणि बैल खड्यावर पाय टाकताना कचरतो.

आता आपली जमीन पाहा. पूर्णेच्या आणि पेढीच्या खोऱ्यातले हे भारी काळे रान. पावसाळ्यात बैल चिखलात असतो. मऊ मातीत खूर झिजत नाही, म्हणून तो वाढतो, आणि सतत ओला राहिल्याने मऊही पडतो. ओला खूर कोरड्या खुरापेक्षा लवकर घासतो. दिवाळी होते न होते तोच हाच बैल आपण गाडीला जुंपून गिट्टीच्या आणि डांबराच्या सडकेवर काढतो. पाठीमागे दीड-दोन टनांचा भार. पाय बदलला नाही, पण त्याच्याखालची जमीन एका दिवसात बदलली. हंगामाच्या पहिल्या महिन्यातच पुष्कळ बैल लंगडे पडतात, त्याचे हे मोठे कारण आहे.

जुन्या काळी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर गंगाकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे. अंतर सुमारे ५०० मैल. पण तो बैल मातीच्या वाटेने, चरत चरत, टप्पे घेत जाई. १८६७ साली बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली आणि ती लांबची वाट मोडली. उलट तिकडे विलायतेत वेल्सचे गुरेवाले आपली काळी गुरे लंडनच्या बाजाराला पायी नेत, तेव्हा कडक रस्त्यासाठी त्यांच्या प्रत्येक पायाला दोन-दोन लोखंडी पत्र्या ठोकीत. बदकासारखे हंस पक्षीही ते पायी नेत. त्यांचे पाय डांबरात आणि वाळूत बुडवून काढीत, म्हणजे तळाला जाड थर बसे. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, पायतण वाटेवरून ठरते. मऊ वाटेला पायतण लागत नाही, कडक वाटेला लागते. शेजाऱ्याने ठोकली म्हणून आपणही ठोकली, हे नाल मारण्याचे कारण होऊ शकत नाही.

नाल हवी की नको? दोरीच्या मापाने ठरवा

यासाठी मोठे यंत्र नको. सुती दोरीचा एक तुकडा घ्या. खूर घासून नीट करून झाला की नखीच्या पुढच्या बाजूने, केसांच्या कडेपासून टोकापर्यंत दोरी धरा आणि तेथे गाठ मारा. चारही पायांची मापे घ्या. दोरी गोठ्यातच खुंटीला टांगून ठेवा. बैल नेहमीच्या वाटेवर चालू द्या. महिन्याने त्याच ठिकाणी दोरी पुन्हा लावा.

माप तेवढेच भरले तर वाढ आणि झीज बरोबरीत आहे, नालेची गरज नाही. खूर दोरीपेक्षा लांब झाला तर नुसता घासून नीट करावा. खूर दोरीपेक्षा आखूड झाला तर झीज जास्त आहे, त्या बैलाला नाल हवी. त्याबरोबर तळव्यावर अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. निरोगी तळवा दबत नाही. दबला, किंवा बैलाने पाय झटकला, तर तळवा पातळ झाला आहे. अशा बैलाला आधी विश्रांती, मग नाल.

हंगामासाठी महिनाभर थांबणे शक्य नसेल तर वाटेवरून अंदाज बांधावा. आमचा गटातला अनुभव असा आहे :

१) ऊस शेतातून पांदणीने जवळच ट्रॉलीपर्यंत आणायचा असेल, तर नाल नको. काळ्या मातीत नाल घसरते, खिळ्याशी चिखल धरून राहतो आणि भेगा पडतात.

२) थोडी पांदण, थोडी गिट्टीची सडक असेल, तर निदान पुढच्या दोन पायांना नाल असावी. बैलाच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो, आणि दोनचाकी गाडीचा काही भार जुवावाटे मानेवर येऊन तोही पुढेच उतरतो.

३) रोज डांबरी सडकेने कारखान्यापर्यंत जायचे असेल, तर चारही पायांना नाल हवी. दोन नख्यांतही झीज सारखी नसते. पुढच्या पायाची आतली नखी आणि मागच्या पायाची बाहेरची नखी जास्त भार घेते, म्हणून तपासताना त्या आधी पाहाव्यात.

नाल निवडताना

नालेला आपल्याकडे काही ठिकाणी पत्रीही म्हणतात. बाजारात तयार मिळते, नालबंदाजवळही असते. पुष्कळदा नाल जवळ असेल त्या मापाची ठोकली जाते आणि उरलेला खूर तासून नालेएवढा केला जातो. हे उलटे काम आहे. टोपी मोठी झाली म्हणून कोणी डोके वाढवीत नाही, आणि लहान झाली म्हणून कापीत नाही.

खूर घासून सपाट झाल्यावर पाय जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने प्रत्येक नखीची कड आखून घ्या. आठ नख्यांचे आठ आकार. त्यावर पुढचा-मागचा, डावा-उजवा लिहून ठेवा. हा पुठ्ठा नालबंदाला द्या. पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात :

नाल नखीच्या भिंतीवर टेकली पाहिजे, तळव्यावर दाबता कामा नये. बाहेरून किंवा टाचेकडून ती पुढे आलेली नको, नाहीतर दुसऱ्या पायाखाली सापडून उपटते आणि भिंतीचा तुकडा घेऊन जाते. टाचेकडे फार आखूडही नको, नाहीतर तिची कड तळव्यात रुतते. दोन्ही नख्यांवर मिळून एकच पत्रा कधीही ठोकू नये. भार पडला की नख्या फाकतात आणि उचलला की मिटतात, ही देवाने दिलेली कमान आहे. एक पत्रा ठोकला की ती बांधली जाते.

जाड नाल जास्त दिवस टिकते म्हणून घेण्याचा मोह होतो. पण तिचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, आणि ते बैलालाच उचलावे लागते. मध्यम जाडीची, सपाट, कडा घासलेली नाल बरी. झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली नाल तर नुसती झीज थांबविते आणि घसरण वाढविते. थंडीत पहाटे दवाने सडक ओली असते, कारखान्याच्या दारात उसाचा रस आणि पाचट सांडलेले असते. भरल्या गाडीचा बैल तेथे घसरला तर नुसता गुडघा फुटून भागत नाही. माथेरानला घोड्यांवरून माणसे नेण्याची जुनी रीत आहे. तेथे वाटेवर पेव्हर ब्लॉक बसविले तेव्हा त्यावर घोडे घसरतात, अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. सडक बदलली की नालेचाही विचार पुन्हा करावा लागतो, याचे हे उदाहरण होय.

नालबंदाजवळ उभे राहा

बैल पाडताना जागा मऊ आणि खडे नसलेली असावी. पोट तुडुंब भरलेले असताना पाडू नये. मान पिळवटू देऊ नये, आणि काम होताच बैल उठवावा, कारण जास्त वेळ आडवा राहिला की पोटात वायू धरतो. दवाखान्यात किंवा गावात खोडा असेल तर त्यात उभ्यानेच काम करावे, ते जास्त चांगले.

खूर तासताना तळवा गुलाबी दिसेपर्यंत रापी चालवू देऊ नये. लाली दिसली म्हणजे जिवंत भाग जवळ आला. तापलेली नाल खुरावर चिकटवून जागा करण्याची रीत कोठे कोठे आहे, तीही नको.

खिळे नवे, बारीक आणि सरळ असावेत. गंजलेला किंवा ठोकून सरळ केलेला जुना खिळा वापरू नये. खिळा फक्त बाहेरच्या भिंतीतून, पांढऱ्या रेघेच्या बाहेर जावा आणि बाजूने वर निघावा. दोन नख्यांच्या फटीकडची भिंत पातळ असते, तेथे खिळा मारू नये. टाचेकडच्या भागातही मारू नये. तेथे भिंत पातळ आहे आणि पाय टेकताना ती हलते. वर निघालेले टोक वळवून, कानशीने घासून गुळगुळीत करावे.

प्रत्येक खिळ्याच्या वेळी बैलाच्या डोळ्यांकडे आणि पायाकडे लक्ष ठेवा. हातोडीच्या एखाद्या ठोक्याला बैल एकाएकी दचकला, तर तो खिळा जिव्हारी लागला असे समजावे. तो लगेच काढावा, तेथे टिंक्चर आयोडीन लावावे आणि त्या छिद्रात दुसरा खिळा मारू नये. "एवढ्यानं काही होत नाही" असे म्हणून पुढे जाऊ नये. त्या एका खिळ्याचा पू चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतो, तोवर आपण विसरलेलो असतो.

नाल ठोकली म्हणजे हंगामभराची निश्चिंती झाली असे नाही. नालेखाली खूर झिजत नाही, तो वाढतच राहतो. सहा आठवड्यांत सात-आठ मिलिमीटर वाढ होते आणि नाल पुढे सरकल्यासारखी होते. म्हणून लोखंड शिल्लक असले तरी चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर घासून, पुन्हा बसवावी. रोज रात्री बैल सोडताना आठही नाला हाताने हलवून पाहाव्यात. नख्यांच्या फटीतले खडे काडीने काढावेत. याला चार-पाच मिनिटे लागतात. हंगाम संपला की नाला काढून टाकाव्यात आणि उन्हाळाभर खूर मोकळे ठेवावेत.

रबराच्या जोड्याविषयी

गटातील एका तरुण सभासदाने विचारले, "परदेशात घोड्याला रबरी बूट घालतात म्हणे. मग बैलाले काहून नाही?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

लांब पल्ल्याच्या घोड्यांसाठी असे जोडे खरोखर मिळतात. अमेरिकेत १९५५ पासून टेव्हिस कप नावाची १०० मैलांची डोंगरवाटेची घोडदौड होते, ती एका दिवसात पुरी करावी लागते. त्यात लोखंडी नालेऐवजी रबरी किंवा प्लास्टिकचा जोडा घालून धावणारे घोडेही असतात. जोड्याचे फायदे उघड आहेत. खिळा नाही म्हणून इजा नाही, दगडाचा दणका कमी बसतो, घरी आल्यावर काढून ठेवता येतो. पण निवड मोठी काटेकोर. खूर घासल्यावर त्याची लांबी आणि रुंदी मोजून माप घ्यावे लागते. सैल झाला तर जोडा फिरतो, घट्ट झाला तर केसांच्या कडेला घासून जखम करतो. आत वाळू शिरली तर तीच कानशीचे काम करते. रोज काढून, धुऊन, वाळवून ठेवावा लागतो आणि लांबच्या वाटेला एक जादा जोडा बरोबर बाळगावा लागतो.

घोड्याचा खूर एकसंध आहे, बैलाचा दुभंगलेला. बंद जोड्यात बैलाच्या नख्या फाकू शकत नाहीत, फटीत ओल आणि शेण कोंडते आणि ती जागा सडू लागते. शिवाय घोड्यावर एक माणूस असतो. आपला बैल दोन टनांची गाडी ओढताना खुराचे टोक रोवून जोर लावतो. त्या जोराने जोडा जागेवर राहत नाही. सबब, ओढकामाच्या बैलाला रोजचा जोडा म्हणून बूट घेऊ नये, असे आमचे मत आहे.

काहीजण जुन्या टायरचा तुकडा कापून नालेसारखा ठोकतात. त्याने डांबरावर पकड चांगली येते आणि दणका कमी बसतो हे खरे. पण प्रत्येक पावलाला रबर दबते आणि उठते, त्याने खिळे लवकर सैल होतात. करायचेच असेल तर प्रत्येक नखीला वेगळा तुकडा, नालेचेच सगळे नियम, आणि तपासणी रोज सकाळ-संध्याकाळ.

मग बैलाला जोड्याचा उपयोगच नाही काय? आहे, पण तो उपचारापुरता. जखम बांधल्यावर पट्टी स्वच्छ राहावी म्हणून जाड कापडाची किंवा रबराची पिशवी थोडे दिवस घालता येते, ती रोज बदलावी. एक नखी दुखरी आणि जोडीची नखी निरोगी असेल, तर पशुवैद्यक निरोगी नखीखाली लाकडी किंवा रबरी ठोकळा चिकटवितात. त्याने दुखरी नखी अधांतरी राहते आणि तिला आराम मिळतो. हा ठोकळा लावलेला बैल आजारी बैल आहे. त्याला गाडीला जुंपू नये.

बैल लंगडला तर

येथे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलेली गोष्ट सांगतो. लंगड्या बैलाला आधी नाल ठोकायची नसते, आधी गाडी सोडायची असते. नाल वाटेसाठी असते, ती दुखण्यावरचे औषध नव्हे.

बैल कोणता पाय कमी टेकतो ते पाहावे. चारही खुरांना हात लावून कोणता गरम लागतो ते पाहावे. खूर धुऊन फटीत आणि तळव्यात खडा, काटा, काच आहे काय ते शोधावे. नाल नुकतीच ठोकलेली असेल तर संशय खिळ्यावर घ्यावा. खूर गरम असेल, ठोकताच दुखत असेल, वर सूज असेल, तर पशुवैद्यकांना बोलवावे. शासनाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. तोवर खूर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवावा, कोरड्या जागी बांधावा. आपल्याकडे भेगेत बिब्बा घालण्याची रीत आहे, कोणी गरम तेल ओततो. बिब्ब्याने कातडी भाजते, आतला पू तसाच राहतो. हे करू नये.

एकापेक्षा जास्त पाय दुखत असतील आणि तोंडातून लाळ गळत असेल, तर लाळ्या-खुरकुताचा संशय घ्यावा. बैल वेगळा बांधावा, गाडीतळावर आणूच नये, कारण एक बैल सगळा तळ आजारी करू शकतो. या रोगाची लस शासनाच्या २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून वर्षातून दोनदा मोफत टोचली जाते. हंगामापूर्वीची मात्रा चुकवू नये.

पावसाळ्याने मऊ झालेले खूर टणक होण्यासाठी हंगामापूर्वी मोरचुदाच्या पाण्यातून बैल चालवावेत. एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम मोरचूद. आधी पाय स्वच्छ धुवावेत, उघडी जखम असल्यास हे पाणी टाळावे, आणि बैल ते पिणार नाही याकडे लक्ष ठेवावे. उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात टाकू नये.

भार, ऊन आणि कायदा

उत्तम नाल ठोकली तरी भार बेताचा नसेल तर उपयोग नाही. ऊस पुढे जास्त भरला तर जू मानेवर दाबते आणि पुढचे खूर भरडतात. मागे जास्त भरला तर गाडी उलाळते आणि बैलाचा गळा ओढला जातो. चाकाच्या आसाच्या थोडा पुढे तोल राहील अशी मोळी रचावी.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालचे ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम सर्वांना लागू आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नको. सलग ५ तासांपेक्षा जास्त चालविणे नको. तपमान ३७ अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपणे नको. बैलाच्या वजनाप्रमाणे भाराची मर्यादाही त्यात ठरविलेली आहे. जखमी किंवा लंगड्या जनावराला कामाला लावणे हा तर गुन्हाच आहे. वऱ्हाडात फेब्रुवारी सरता सरता ऊन कसे चढते ते आम्ही सांगावयास नको.

शेवटी एक शब्द

पुष्कळ सभासद बैल लंगडत असूनही खेप आणतात, कारण पाळी गेली तर पुन्हा केव्हा येईल ही धास्ती. ही धास्ती आमच्या कार्यक्रमामुळे निर्माण होते हे आम्ही मान्य करतो. म्हणून भातकुली गटापुरते आम्ही सांगून ठेवतो : बैल लंगडा असल्याचे तोडीच्या आधी कळविले, तर तोड पुढे सरकवू, पाळी रद्द होणार नाही. तोड झाल्यावर बैल बसला, तर त्या उसासाठी दुसरे वाहन प्रथम देऊ. आपण फक्त निरोप वेळेवर द्या, लपवू नका.

आणि येत्या रविवारी एवढे करा. सकाळी बैल धुवायला न्याल तेव्हा चारही पाय उचलून खालून पाहा. बरोबर घरातल्या पोराला घ्या, दोरीचे माप त्याच्या हातून घ्या. खूर पाहण्याची सवय एका माणसाला लागली की ती घराला लागते.

आपला,
ऊस विकास अधिकारी
भातकुली गट